तिसरीच्या वर्षात मूल काय शिकतं? गोव्यातल्या मराठी शाळांचे पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा उघडते आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीपर्यंत माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. नावं बदलतात, गाव बदलतं, प्रश्न तसेच. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आणि बरीच वर्षं तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान. प्रश्न शक्य तितके पालकांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. तिसरीत विषय कोणते असतात?

मराठी, गणित, परिसर अभ्यास आणि इंग्रजी. शिवाय चित्रकला, हस्तकला, गाणी, खेळ. विज्ञान, इतिहास, भूगोल अशी वेगळी पुस्तकं या वयात नसतात, ते सगळं परिसर अभ्यासाच्या पोटात येतं (प्रश्न १० पाहा). मूल पहिलीत सहा वर्षं पूर्ण करून आलं असेल तर तिसरीत ते साधारण आठ वर्षांचं असतं.

२. दुसरीत मुलगी पहिल्या दोघांत असायची. तिसरीत एकदम गोंधळली. असं का?

हा प्रश्न साधारण ऑगस्टमध्ये येतो. मुलगी मागे पडलेली नसते, पुस्तक बदललेलं असतं. दुसरीपर्यंत धड्यातली वाक्यं छोटी, चित्रं मोठी आणि उत्तर धड्यातल्याच एखाद्या ओळीत असतं. तिसरीत उत्तर दोन ओळींच्या मधे लपतं. ‘माकडाने टोपी का फेकली?’ याचं उत्तर धड्यात ‘कारण’ या शब्दापुढे लिहिलेलं नसतं, ते मुलाने ताडायचं असतं. गणितातही तेच. २७ + १५ येतं, पण ‘आजीकडे २७ नारळ होते, पाडेल्याने आणखी १५ पाडले’ असं लिहिलं की मूल विचारतं, “टीचर, अधिक करू की वजा?” तिथे बेरीज अडलेली नसते, वाचन अडलेलं असतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दुसरीपर्यंतचा टप्पा पायाभूत धरला आहे आणि तिसरी ते पाचवी हा पुढचा टप्पा. ५ जुलै २०२१ रोजी केंद्राने सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने मात्र वाचन आणि अंकज्ञान पक्कं होण्याची मुदत तिसरीच्या अखेरीपर्यंत दिली आहे. एका कागदावर पाया दुसरीत संपतो, दुसऱ्यावर तिसरीत. मला यात गोंधळ दिसत नाही, सवलत दिसते. राहिलेलं भरून काढायला तिसरीचं वर्ष हातात आहे.

३. वर्ष संपताना वाचन किती यायला हवं? घरी कसं तपासू?

‘निपुण’च्या मापाप्रमाणे तिसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने, बरोबर आणि समजून वाचावा. यातला ‘अनोळखी’ हा शब्द पालक हमखास विसरतात. डिसेंबरपर्यंत पाठ्यपुस्तकातले धडे मुलांना तोंडपाठ झालेले असतात. बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या, असं वाचणारी मुलं मी दरवर्षी बघते. म्हणून पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा. वर्तमानपत्राच्या मुलांच्या पानावरचा किंवा वाचनालयातल्या गोष्टीच्या पुस्तकातला साठेक शब्दांचा उतारा घ्या आणि एक मिनिट वाचू द्या. मग पुस्तक मिटून विचारा, “काय झालं त्यात?”

सांगताना मूल कोकणीत सांगू लागलं तर सांगू द्या. मराठीत वाचलेलं कोकणीत सांगता आलं म्हणजे ते डोक्यात उतरलं. मराठीत सांगणारं मूल कधीकधी नुसती वाक्यं आठवून म्हणत असतं.

आणि कृपा करून रोज घड्याळ लावू नका. महिन्यातून एकदा पुरे. वेगाची शर्यत लावली की मुलं शेवटचं अक्षर गिळायला शिकतात.

४. घरी आम्ही कोकणी बोलतो. त्यामुळे मराठी लिखाण बिघडतं का?

गोव्यात मराठी शाळेत येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरात कोकणीच असते. माझ्याही होती. लिखाणात तिची छाया पडते हे खरं. पण ती चूक कुठून आली हे कळलं तर दुरुस्ती दोन मिनिटांची असते. नुसती लाल रेघ मारली तर वर्षभर तशीच राहते.

सगळ्यात जास्त दिसते ती लिंगाची गफलत. गोव्याच्या कोकणीत लहान मुलीला, तरण्या बहिणीला ‘तें’ म्हणतात. ‘तें आयलें’. मग वहीत येतं, ‘माझं बहीण शाळेत गेलं.’ मुलाच्या दृष्टीने ते व्याकरणशुद्धच आहे, फक्त व्याकरण दुसऱ्या भाषेचं आहे. त्याला एवढंच सांगायचं, “घरी ‘तें’, वहीत ‘ती’.” मुलं हे झटकन पकडतात. घरात एक चप्पल आणि शाळेत एक बूट असतात, तसंच.

दुसरी गोष्ट शब्दांची. पावस लिहिलं तर पाऊस, उदक लिहिलं तर पाणी, फाल्यां लिहिलं तर उद्या. हे सोपं. खरी गंमत होते ती दोन्ही भाषांत असलेल्या पण अर्थ वेगळा असलेल्या शब्दांची. एकदा वर्गात ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आली. एका मुलाने हात वर केला आणि म्हणाला, “टीचर, भात शेतात असता, शीत ताटात. शीत खावन भाताची परीक्षा कशी घेवप?” कोकणीत भात म्हणजे साळीचं पीक, शिजवलेला तो शीत. मराठीत शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा एक दाणा. त्या दिवशी अर्धा तास याच्यावरच गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. ती म्हण त्या वर्गातलं एकही मूल विसरलेलं नसेल.

तेव्हा ‘घरी आता मराठीतच बोलायचं’ असा फतवा काढू नका. आजीशी मूल गप्पा मारतं तेव्हा जी शब्दसंपत्ती जमते, तिच्यावरच शाळेचं मराठी उभं राहतं. घरात हवं ते मराठी वाचन. रात्री झोपताना दहा मिनिटं मोठ्याने गोष्ट वाचून दाखवलीत तरी कान तयार होतो.

५. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात. तिसरीत चालतं का?

जोडाक्षरं वाचता यायलाच हवीत, लिहिताना अधूनमधून चुकली तर चालतं. तिसरीत सर्वांत छळतो तो ‘र’. क्रम, सूर्य, राष्ट्र, दऱ्या, चारही ठिकाणी र वेगळा दिसतो. पाठ करून घेण्यापेक्षा रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावा. पर्वरीत रफार आहे, म्हापशात म्ह आहे, सत्तरीत त्त आहे. बालरथात (शाळेच्या बसमध्ये) बसलेलं मूल शाळेपर्यंत वीस जोडाक्षरं फुकटात वाचतं.

ऱ्हस्व-दीर्घाचे दोनच नियम या वयात पुरेत. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ: पाटी, वाळू, चाकू. (‘आणि’ हा ठळक अपवाद, तो वेगळा लक्षात ठेवायचा.) दुसरा, फूल पण फुलात, दूध पण दुधात, मीठ पण मिठात. बाकीचं पाचवी-सहावीत येईल. मोठ्यांचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप वाचले की वाटतं, काहींना अजून यायचंय.

६. गणितात ९९९ पर्यंत संख्या की ९९९९ पर्यंत? दोन ठिकाणी दोन आकडे वाचले.

दोन्ही बरोबर वाचलंत. एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेने २०१७ मध्ये दिलेल्या अध्ययन निष्पत्तींमध्ये (कोणत्या इयत्तेत काय यावं याच्या यादीत) तिसरीसाठी तीन अंकी संख्या आहेत, म्हणजे ९९९. ‘निपुण’च्या उद्दिष्टात ९९९९ पर्यंत वाचणं-लिहिणं आहे. घरी यावरून डोकं तापवू नका. ज्या मुलाला ४०७ मधला शून्य कशासाठी बसलाय हे समजलं, त्याला ४०७० एका दिवसात येतं. ज्याला ते समजलं नाही ते ‘चारशे सात’ ऐकून ४००७ लिहितं, आणि ही चूक तिसरीत इतकी होते की मी ती चूक मानायचंच सोडलं आहे. ऐकलं तसं लिहिलं, एवढाच त्याचा अर्थ. एकच्या, दहाच्या, शंभराच्या नोटा (खेळातल्या) हातात देऊन ४०७ रुपये मोजायला लावा. दशकाची नोट एकही लागत नाही, म्हणून तिथे शून्य.

बाकी गणितात हातच्याची बेरीज, हातचा घेऊन वजाबाकी, गुणाकार, समान वाटण्यांतून भागाकाराची ओळख, सेंटिमीटर-मीटर, ग्रॅम-किलो, घड्याळ, कॅलेंडर आणि साधी आकृत्यांची ओळख. शून्यातून उसना घ्यायची वजाबाकी (५०० − २३७) बहुतेकांना जानेवारीपर्यंत जमत नाही. थांबा थोडं.

७. पाढे किती पाठ हवेत? आजोबा म्हणतात तीसपर्यंत.

एनसीईआरटीच्या निष्पत्तींत तिसरीला २, ३, ४, ५ आणि १० चे पाढे आहेत. आमच्या मराठी शाळांतून सवयीने दहापर्यंत सगळे घेतात आणि ते चांगलंच आहे. ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा’ ही लय मुलांना आवडते, ती घालवू नका. आजोबांच्या काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकीसुद्धा होती. त्यांना म्हणायला सांगा, मुलं तोंडात बोट घालतात.

फक्त पाठांतराबरोबर एक प्रश्न जोडा. एका वाट्यात ६ बांगडे, असे ७ वाटे घेतले तर किती बांगडे? पाढा येत असून इथे गप्प बसणारं मूल म्हणजे पाढ्याचं गाणं आलं, गुणाकार नाही आला.

८. ‘एकोणसत्तर’, ‘सहासष्ट’ हे आकडे मुलाला कळतच नाहीत. इंग्रजीत पटकन सांगतो.

सांगणारच. इंग्रजीत साठ आधी आणि सहा मागून येतो, लिहिण्याच्याच क्रमाने. मराठीत सहा आधी ऐकू येतो आणि साठ नंतर, शिवाय दोन्ही एकमेकांत वितळलेले. ‘एकोण’चा घोळ तर वेगळाच, ऐकू येतं सत्तर आणि लिहायचं असतं साठीतलं. हा त्रास सगळीकडचाच आहे. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावन्न’बरोबर ‘पन्नास सात’ असंही म्हणायची सोय दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता.

माझं मत विचाराल तर दोन्ही चालू द्या. कळायला ‘साठ आणि सहा’, व्यवहाराला ‘सहासष्ट’. गोव्यातल्या मुलांना आणखी एक सोपी वाट आहे. आपल्या तालुक्यांच्या नावातच आकडे आहेत. तीस वाड्यांची तिसवाडी, सहासष्ट गावांची सासष्टी, बारा देशांचा बार्देश. नावांमागची ही परंपरेने चालत आलेली गोष्ट सांगितली की ‘सहासष्ट’ हा शब्द मुलांना मडगावच्या बाजाराइतका ओळखीचा होतो.

९. अंक देवनागरी लिहायचे की इंग्रजी?

वर्गात शिक्षक जे लिहून घेतात ते वहीत. पण तिसरीच्या अखेरीस दोन्ही वाचता आले पाहिजेत, कारण पाचवीत बहुतेक सगळं इंग्रजी अंकांत येतं (प्रश्न १७ पाहा). सांभाळायची जागा एकच: देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ सारखे दिसतात, देवनागरी ५ आणि इंग्रजी चार यांतही गल्लत होते. एकाच गणितात दोन लिप्या मिसळल्या की बेरीज बरोबर येऊनही उत्तर चुकतं. एका पानावर एकच लिपी, हा नियम घाला.

१०. परिसर अभ्यासाचा अभ्यास कसा घ्यायचा? प्रश्नोत्तरं पाठ करून घेते, पण चार दिवसांत विसरतो.

विसरणारच, कारण तो विषय पुस्तकातला नाहीच. कुटुंब, घर, अन्न, पाणी, झाडं, प्राणी, वाहतूक, गावची पंचायत, नकाशा, सण. यातलं एकही प्रकरण असं नाही की जे घरापासून चालण्याच्या अंतरावर सापडत नाही.

पाणी घ्या. “पाणी कुठून येतं?” “नळातून.” हे उत्तर पहिलीत चालतं. तिसरीत पुढे विचारायचं, नळात कुठून? तिसवाडी-फोंड्यात असाल तर ओपाचा पाणी प्रकल्प, दक्षिणेत असाल तर साळावलीचं धरण, बार्देशात असाल तर अस्नोड्याचा प्रकल्प आणि त्याला येणारं तिलारीचं पाणी. मग सत्तरीतली म्हादई आणि पणजीची मांडवी ही एकच नदी आहे हे सांगा आणि मुलाचा चेहरा बघा.

चवथ आली की घरी माटोळी बांधतात, म्हणजे गणपतीवर रानातल्या-बागेतल्या फळाफुलांची चौकट टांगतात. मी त्या आठवड्यात पुस्तक उघडतच नाही. घागऱ्या, कांगलां, माट्टी, तोरिंजन, आंबाडे, सुपारीचं शिपटं. प्रत्येकाने आपल्या माटोळीतल्या वस्तू लिहून आणायच्या आणि पुढे लिहायचं: झाड, झुडूप की वेल? रानातलं की कुळागरातलं (बागायतीतलं)? खायचं की नाही? वनस्पतींचं वर्गीकरण म्हणतात ते हेच. ज्यांच्या घरी चवथ नसते ती मुलं नाताळात गोठा करतात, त्यासाठी माती, गवत, शेवाळ कुठून आणलं ते लिहितात. काम तेच.

खाजन शेतीचा (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा) गाव असेल तर बांधावर नेऊन मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, दाखवा. भरतीचं खारं पाणी दार स्वतःच ढकलून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी ते उघडून बाहेर पडतं. माणूस नाही, वीज नाही. पेडण्याकडे असाल तर आगरवाड्याची मिठागरं आहेत, आणि गावाच्या नावात ‘आगर’ का आहे हा प्रश्न मूल आपणहून विचारतं.

पाठ करण्यासारखं थोडंच असतं. गोव्याचे १२ तालुके. १८ जून क्रांतिदिन, कारण १९४६ मध्ये त्या दिवशी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभेची बंदी मोडली. १९ डिसेंबर मुक्तिदिन, साल १९६१. ३० मे घटकराज्य दिन, साल १९८७. राज्यप्राणी गवा. एवढं झालं की पुढचं पायांनी शिकायचं.

११. इंग्रजी तिसरीत किती यावं?

छोटी वाक्यं वाचावीत, स्वतःबद्दल, घराबद्दल चार-पाच वाक्यं बोलावीत, सूचना ऐकून तसं करावं. स्पेलिंगच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका. ऐकणं आणि बोलणं आधी. मराठी वाचन कच्चं असेल तर इंग्रजीचा जास्तीचा क्लास लावून काही साधत नाही, हे मात्र खात्रीने सांगते.

१२. गृहपाठ फार कमी देतात, तक्रार करू का?

उलट जास्त देत असतील तर करा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सुचवला आहे. दिवसाला नव्हे, आठवड्याला. दप्तराचं वजन याच इयत्तांसाठी १.७ ते २.५ किलो. पावसाळ्यात छत्री, रेनकोट, डबा आणि पाण्याची बाटली धरून एकदा काट्यावर ठेवून बघा.

१३. तिसरीत नापास करतात का?

नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये बदल झाला तो पाचवी आणि आठवीपुरता. तिसरीतलं मूल पुढे जातं. पण ‘पुढे गेलं’ आणि ‘आलं’ यांत फरक आहे. प्रगतिपुस्तकावरची श्रेणी बघून निर्धास्त होऊ नका, प्रश्न ३ मधली चाचणी घेऊन बघा.

१४. शाळेत ‘दिल्लीचा पेपर’ झाला. त्याचे गुण कधी मिळणार?

मिळणार नाहीत. ते देशभरचं सर्वेक्षण असतं आणि निवडलेल्या शाळांतच होतं. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालं त्यात तिसरी होती, आणि ४ डिसेंबर २०२४ च्या ‘परख’ सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववी होती. निकाल राज्याचा आणि जिल्ह्याचा लागतो, मुलाचा नाही. त्याची तयारी म्हणून कुणी गाइड विकत असेल तर पैसे वाचवा.

१५. आमच्या गावच्या शाळेत चार वर्गांना मिळून एकच टीचर. नुकसान होतं का?

कायद्याने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. प्रत्यक्षात लहान गावांत एकीवर चारही वर्ग पडतात हे मी स्वतः भोगलं आहे. ती बैठकीला गेली की शाळा जवळजवळ बंदच. याबद्दल शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी. तोंडी सांगून काही हलत नाही.

पण एकाच खोलीत बसण्याचा एक फायदाही असतो. तिसरीतलं मूल कानाने चौथीचा धडा ऐकत असतं, आणि पहिलीतल्याला अक्षरं गिरवून देता देता स्वतःचं पक्कं करतं. माझे काही उत्तम वाचक अशाच वर्गातून आले.

१६. सिंधुदुर्गातून बदली होऊन नोव्हेंबरमध्ये गोव्यात आलो. दाखला मिळायचाय. प्रवेश मिळेल का? अभ्यास जुळेल?

मिळेल. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि प्रवेशासाठी मुलाची परीक्षाही घेता येत नाही. मराठी आणि गणित जवळजवळ जुळतं. फरक पडतो तो परिसर अभ्यासात. महाराष्ट्रात तिसरीत आपला जिल्हा शिकवतात, म्हणून तुमचं मूल सिंधुदुर्ग शिकून आलेलं असणार. गोव्याचे तालुके, नद्या आणि दिवस (प्रश्न १०) दिवाळीच्या सुट्टीत सांगून टाका. नवीन मुलाकडून तिलारीचं धरण वर्गाला समजावून घ्यायला मला आवडतं. पाणी आपण पितो, धरण त्याच्याकडचं.

१७. पुढे पाचवीत इंग्रजीच आहे, मग तिसरीतच इंग्रजी माध्यमात घालू का?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, आणि सगळ्यात जास्त भीती याच प्रश्नात असते.

आधी वस्तुस्थिती. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. १९९० पासून सरकारी अनुदान मराठी-कोकणी प्राथमिक शाळांनाच होतं, २०११ मध्ये इंग्रजीलाही ते देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून आंदोलनं पेटली. पण चौथीनंतरचं चित्र या सगळ्यात बदललं नाही. माध्यमिक शाळा बहुतांश इंग्रजीच्या आहेत. म्हणजे मराठी शाळेतल्या तिसरीच्या मुलाकडे मराठीतून शिकायला ही दोनच वर्षं उरलेली असतात.

म्हणूनच माझं उत्तर ‘नको’ आहे. पाचवीत सगळा वर्ग एकत्र इंग्रजीकडे वळतो, शिक्षकांना ते माहीत असतं. तिसरीत मधेच गेलेलं मूल तिथे एकटं असतं, बाकीच्यांना तीन-चार वर्षांचा सराव असतो. मी पाहिलंय ते असं: मराठी घडाघड वाचून समजणारी मुलं पाचवीत चतुर्थीपर्यंत चाचपडतात, नाताळपर्यंत सावरतात. ज्यांना मराठीही अडखळत येतं ती इंग्रजीत पार बुडतात, कारण ‘वाचलं की अर्थ लागतो’ हा अनुभवच त्यांच्या गाठीशी नसतो. तो अनुभव एकदाच आणि आपल्या ओळखीच्या भाषेत घ्यावा लागतो.

कुटुंबच बदलीमुळे परराज्यात जाणार असेल, किंवा जवळची मराठी शाळा बंद पडली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जा, पण घरात मराठी वाचन सोडू नका. आणि पाचवीनंतर मराठी विषय म्हणून घेता येत असेल तर जरूर घ्या.

१८. दिवाळी झाली तरी मुलगा अक्षर-अक्षर जोडूनच वाचतो. काय करू?

आधी डोळे तपासा, मग कान. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ‘ढ’ ठरलेली मुलं मी पाहिली आहेत आणि चष्मा लागल्यावर त्यांचं वाचन महिन्यात सुधारलेलंही पाहिलं आहे. ते ठीक असेल तर रोज दहा मिनिटं, एकच छोटा उतारा, आधी तुम्ही वाचायचा, मग दोघांनी मिळून, मग त्याने एकट्याने.

तीन महिने नेटाने करूनही फरक नाही, अक्षरं उलटी होतात, तोंडी हुशार पण कागदावर काहीच नाही, असं असेल तर ‘आळशी आहे’ म्हणून सोडू नका. वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, आणि केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिची प्राथमिक चाचपणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांतलं जे आधी येईल तेव्हा शाळेने करायची आहे. वर्गशिक्षिकेशी बोला आणि गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) तपासणीसाठी घेऊन जा. माझ्या एका विद्यार्थ्याचे पालक ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दोन वर्षं थांबले. ती दोन वर्षं त्या मुलाने रोज मार खाल्ल्यासारखी काढली.

१९. तुम्हीच ट्यूशन घ्याल का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. शिवाय तिसरीतल्या मुलाला संध्याकाळी पाचनंतर पुन्हा कुणापुढे वही घेऊन बसवू नये असं मला मनापासून वाटतं.

२०. मे महिन्याच्या सुट्टीत काय करून घेऊ?

चौथीचं पुस्तक आणून सुरू करू नका. त्याऐवजी पुरुमेंताचं काम मुलाकडे द्या. पावसाळ्याआधी घरात काय काय भरायचं याची यादी त्याने लिहायची: मिरच्या किती किलो, सोलां किती, चिंच, मीठ, सुकी मासळी. बाजारात दर विचारायचे, यादीपुढे लिहायचे, घरी येऊन बेरीज करायची आणि दिलेल्या नोटांतून किती परत आले ते जुळवायचं. लेखन, वजन, गुणाकार, हातचा, पैसे, सगळं एका फेरीत होतं. यादीतलं ऱ्हस्व-दीर्घ नंतर दोघांनी बसून सुधारा. मात्र त्याने ‘गालमो’ (सुका जवळा) लिहिलं असेल तर तो शब्द खोडू नका, म्हापशाच्या बाजारात तो दुसऱ्या नावाने मागितला तर बायका तुमच्याकडे बघत बसतील.